माटोळीचा बाजार, बचत गटाच्या नेवऱ्या आणि आमची यंदाची चवथ

सुरुवातीलाच सांगते, मी रिव्ह्यू लिहिणाऱ्यातली नाही. मिक्सर जळला तरी एक स्टार द्यायचा मला कंटाळा. पण यंदा चवथीनंतर ऑफिसात तिघींनी विचारलं की तुझा चेहरा यंदा बरा कसा दिसतोय, दरवर्षी सुट्टी संपवून येतेस तेव्हा तापातून उठल्यासारखी असतेस. म्हटलं लिहूनच टाकू, प्रत्येकीला वेगळं सांगायला नको. तर हा रिव्ह्यू म्हापशाच्या माटोळीच्या बाजाराचा, जोडीला एका बचत गटाच्या नेवऱ्यांचा (म्हणजे करंज्यांचा), आणि त्याआधी थोडंसं गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेल्या एका खोक्याबद्दल, कारण ते खोकं कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

गोव्याबाहेरून वाचताय त्यांच्यासाठी, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. सार्वजनिक गणपती इथेही आहेत पण खरी चवथ घरातली, आणि घर म्हणजे फ्लॅट नव्हे, मूळ घर. आम्ही वर्षभर म्हापशात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, मोठे भावजी वास्कोला, धाकटे पुण्याला, पण चवथीला सगळे डिचोलीजवळच्या घरी. चार खोल्या, एक न्हाणी आणि एकोणीस माणसं. गणपती दीड दिवसाचा. आणि माटोळी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकट, तिला रानातली फळं, फुलं, भाज्या, नारळ, सुपारीचे घड असं सगळं बांधायचं, खालून बघितलं की अर्धं रान उलटं टांगल्यासारखं दिसतं. माझं माहेर सावंतवाडीचं, आमच्याकडे तिला माटवी म्हणतात, वस्तू जरा कमी पण प्रकार तोच.

आता ते खोकं. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला शनिवारी होती, आदल्या आठवड्यात ऑफिसात ऑडिट, नवरा टूरवर, मुलांच्या टेस्ट, म्हणून मी डोकं लावून (असं मला तेव्हा वाटलं) ऑनलाइन "फळांचा डेकोरेशन सेट" आणि फोमचं घडीचं मखर मागवलं. १,८९९ रुपये, दोन्ही मिळून. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्यांचा माल एकाच ठिकाणाहून येत असावा. उघडलं तर आत प्लास्टिकची सफरचंदं, द्राक्षं, ड्रॅगनफ्रूट आणि स्ट्रॉबेरी. टांगायला नायलॉनचा दोरा. पाच मिनिटांत माटोळी तयार. सासूबाई बाहेर आल्या, मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "गणपतीला यंदा महाबळेश्वरला नेलात का?"

मी सावंतवाडीची, चितारआळीतली लाकडी फळं बघत मोठी झालेय, खोट्या फळांचं मला वावडं नाही. पण ती फळं माणसाने हाताने रंगवलेली असतात, केळ्यावरचा काळा डाग सुद्धा. ह्या स्ट्रॉबेरीचा रंग दमट हवेत बोटाला लागत होता. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, म्हणणं मात्र वेगळंच होतं. त्यांच्या माहेरचं घराणं मूळचं गोव्यातल्याच साष्टी तालुक्यातलं, पोर्तुगीजांच्या काळात तिथून उठून फोंड्याकडे आलेलं, आणि त्यांच्याकडे आजही मूर्ती नाही, कागदावर काढलेला गणपती पुजतात. गोव्यात इन्क्विझिशन १५६० ला सुरू झालं ते १८१२ ला कायमचं संपलं, घरात मूर्ती सापडली तर धडगत नव्हती, तेव्हा कागद लपवायला सोपा, पत्री तर काय पालाच, म्हणून काही घराण्यांत कागदाचा किंवा पत्रीचा गणपती आला तो राहिलाच. तर आई म्हणाल्या, "आमच्याकडे देव कागदाचा, पण त्याच्यावरची फळं कधी कागदाची नव्हती." ह्यावर काय बोलणार. मी गप्प नेवऱ्या लाटायला गेले.

आणि नेवऱ्या म्हणजे, मैत्रिणींनो, अडीचशे. मोठ्या जाऊबाई आणि मी दोघींनी रात्री एकपर्यंत तळल्या, पहाटे चारला उठून खतखतं, मुगागाठी, अळू, पातोळ्या. बाहेर पुरुषमंडळी आणि मुलं फोन घेऊन बसलेली, कारण माटोळी पाच मिनिटांत झाली होती ना, करायला काही उरलंच नव्हतं. एरवी आदल्या संध्याकाळी माटोळीवरून आरडाओरडा असतो, शिडी कोणी धरायची, नारळ कुठे, हे वाकडं दिसतंय, ते सगळंच गायब. आरतीत मी उभ्या उभ्या पेंगले, जाऊबाईंनी कोपर मारून जागं केलं, आणि त्याच वेळी मखराची डबल टेप दमटपणाने सुटली, फोमची कमान समईवर पडता पडता नवऱ्याने हाताने झेलली. मुलगी रडली. परत पाठवायला गेले तर "उघडलेला माल परत घेत नाही". अर्धा स्टार, तोही खोक्याला, खोकं मजबूत होतं, आता त्यात कांदे ठेवते.

ह्यावरून जाऊबाईंनी आणि मी मे महिन्यात फोनवर हिशोब केला (आंबे सोलता सोलता, फोन स्पीकरवर), की आपण विकत काय आणलं आणि घरी काय केलं. सगळं उलटं केलेलं. मजेचं काम विकत आणलं आणि कंबर मोडणारं काम घरी ठेवलं. यंदा उलट करायचं. नेवऱ्या बाहेरून, माटोळी घरची, आणि माटोळीच्या बाजाराला सगळ्यांनी मिळून जायचं, एकट्या नवऱ्याला पिशवी देऊन पाठवायचं नाही.

आईंची परवानगी हा एक वेगळाच अध्याय. बाहेरच्या नेवऱ्या नैवेद्याला चालणार नाहीत हे बरोबरच आहे, त्यात वाद नाही. शेवटी ठरलं की नैवेद्याच्या एकवीस घरी सोवळ्यात करायच्या, त्या आई स्वतः करणार, आणि खायच्या-वाटायच्या दोनशे बाहेरून. एकवीस नेवऱ्यांना पाऊण तास लागला. तोही आई मध्ये मध्ये गोष्टी सांगत होत्या म्हणून.

बाजार. यंदा, म्हणजे २०२५ ला, चवथ २७ ऑगस्टला बुधवारी, आम्ही गेलो २४ तारखेला रविवारी सकाळी. म्हापशाचा बाजार एरवी शुक्रवारचा, पेडण्यापासून माणसं येतात, पण चवथीच्या आधीचे तीन-चार दिवस रोजच शुक्रवार असतो. घरातून साडेसहाला निघालो, तरी गाडी लावायला जागा मिळायला वीस मिनिटं, शेवटी लांब लावून चालत आलो. पाऊस होता, रिमझिम नाही, चांगला. चिखल. एक हात छत्रीला, एक हात धाकट्याला, पिशवी कुठे धरायची? माझा सल्ला, रेनकोट घाला, छत्री नेऊच नका, गर्दीत ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. चपला जुन्या घाला.

माटोळीवाले बसतात रांगेने, निळ्या ताडपत्रीखाली, बहुतेक बायका, सत्तरी तालुक्यातून, डिचोलीच्या गावांतून, दोडामार्गाकडून आलेल्या. प्रत्येकीसमोर गोणपाटावर छोटे छोटे ढीग. दुकानासारखं लेबल नाही, किंमत लिहिलेली नाही, आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे अर्ध्या वस्तूंची नावं आपल्याला माहीत नसतात आणि विचारल्याशिवाय कळणार नाहीत. म्हणून मुलं हवीत बरोबर. आम्ही मोठी माणसं लाजतो विचारायला, इतकी वर्षं इथे राहून हे माहीत नाही? मुलांना कसली लाज.

आम्ही जिच्याकडे थांबलो ती मावशी केरीकडची, सत्तरी तालुक्यातली. "कितें जाय गो बाये?" (काय हवंय गं बाई?) माझ्या मुलीला, वय अकरा, हे जाम आवडलं की बाये म्हणून तिलाच विचारलं, मला नाही. तिने एकेक उचलून विचारायला सुरुवात केली. हे काय? करमळ. हिरवं, नारळाच्या निम्मं, हातात घेतलं तर जड, पाकळ्यांसारखी सालं एकावर एक घट्ट मिटलेली, कोबीसारखी. आंबट असतं, लोणचं घालतात. हे? कवंडळ, लालभडक, चेंडूसारखं गोल, इतकं सुंदर की तिने लगेच तोंडाजवळ नेलं आणि मावशी ओरडली, खायचं नाही गो ते! शोभेचं फळ आहे, खाण्याचं नाही, हे लहान मुलं असतील त्यांनी लक्षात ठेवा. हे? कांगलां, म्हणजे आपली मालकांगोणी, पिवळ्या बारीक फळांचे घोस, ती तीन फाकांत उघडली की आत शेंदरी बी दिसते, माटोळीत दोन दिवसांत हळूहळू उघडतात, बुधवारी पिवळी होती ती गुरुवारी सकाळी शेंदरी. एलईडी माळ लावायची गरजच नाही.

धाकटा सात वर्षांचा, त्याला हे काही नको होतं, त्याला भूक लागली होती. मग मावशीने त्याच्या कानाशी एक सुकी फांदी हलवली. खुळखुळ. घागऱ्या. फुगीर शेंगा असतात, सुकल्या की आतल्या बिया सुटून वाजतात, म्हणून नाव घागऱ्या. झालं, त्यानंतर पूर्ण बाजारभर तो ते वाजवत फिरला आणि आम्हाला हरवण्याची भीतीच राहिली नाही, आवाज येतोय ना, मग आहे.

आणि केवण. पिळलेल्या दोरीसारख्या शेंगा, करड्या-तपकिरी, स्क्रूसारख्या. आई मावशीच्याच स्टुलावर बसल्या होत्या (गुडघे दुखतात, मावशीने स्वतःहून दिलं), त्यांनी एक शेंग उचलून नातीला दाखवली, "ही ओळखलीस? ही उगाळून तुला पाजलीय मी." मुलगी बघतच राहिली. मुरुडशेंग ती! बाळघुटीतली! मी सुद्धा इतकी वर्षं सहाणेवर उगाळलेली तेवढीच बघितली होती, काष्ठौषधीच्या पुडीतून आलेली, की ती अशी झाडाला लागते, घोसाने लागते, आणि ती गणपतीच्या डोक्यावर टांगतात, हे माझ्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. त्याच झाडाच्या सालीचे दोर पण मावशीकडे होते, जुडी बांधून, माटोळी बांधायला. नायलॉन नाही, सुतळी नाही, केवणीची साल.

भावांचं म्हणाल तर, कांगलांची जुडी पन्नास, घागऱ्या तीस, करमळ दोन मिळून पन्नास, केवणीचे दोर चाळीस, आंबाड्यांचा घड साठ. महाग असतं ते शिपटं, सुपारीचा घड, आम्ही तीनशेला घेतलं, त्याच रांगेत पुढे दोनशेला होतं पण छोटं. घासाघीस थोडी चालते पण मला विचाराल तर रानातल्या वस्तूंवर करू नये, पहाटे रानात जळवा अंगावर घेऊन कोणीतरी ते काढलेलं असतं आणि आपण पार्किंगवाल्याशी घासाघीस करत नाही. एकूण आमचे २,३५० झाले, नारळ घरचे. म्हणजे खोक्यापेक्षा साडेचारशे जास्त, पण ह्यातलं निम्मं नंतर पोटात गेलं, त्याचं पुढे सांगते.

घेताना बघायचं काय, हे आम्ही चुका करून शिकलो. शिपटं हलवून बघा, सुपाऱ्या गळल्या तर ते जुनं, तुमच्या घरी आरतीच्या वेळी ताम्हणात टपटप पडणार. नारळ देठासकट हवेत, नुसता नारळ बांधायचा कुठून? आम्हाला एका दुकानात (मावशीकडे नव्हे) तोरींगां (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) म्हणून जे दिलं ते खालून नासलेलं होतं, वरून चकाचक, घरी येऊन कळलं, उलटं करून बघायचं राहिलं. चिबूड पिकलेला घेऊ नका. पिकला की तो आपोआप फुटतो, भावजींच्या लग्नाच्या वर्षी तो भटजींच्या खांद्यावर फुटला होता, ती गोष्ट दरवर्षी सांगितली जाते. कच्चटसर घ्यायचा आणि जाळीत बांधायचा. हरणाची पिवळी फुलं आदल्या दिवशीच घ्या, ती टिकत नाहीत, आम्ही रविवारी घेतली ती मंगळवारी मान टाकून बसली होती, पुन्हा डिचोलीच्या बाजारातून आणली.

नावडलेलं पण सांगते नाहीतर म्हणाल मावशीने नेवऱ्या दिल्या हिला. एक, बायकांनी एवढ्या लांबून येऊन दोन-दोन दिवस ताडपत्रीखाली बसायचं, आणि जवळपास धड बाथरूम नाही, हे बघून कसंतरी होतं. दोन, प्लास्टिकच्या पिशव्या, ढीगच्या ढीग, रानातली वस्तू आणि तिला काळी पिशवी. तीन, आणि हे जास्त लागलं, काही ढिगांत अख्खी रोपं होती, मुळासकट उपटलेली, वेल बुंध्यापासून तोडलेले. फळ काढलं तर पुढच्या वर्षी पुन्हा येईल, मूळच उपटलं तर काय येणार. मावशीला विचारलं तर म्हणाली आम्ही तसं नाही करत, हल्ली टेम्पो घेऊन येणारे करतात. खरं-खोटं तिला माहीत, पण तेव्हापासून आम्ही मुळं दिसली की तो ढीग सोडून पुढे जायचं ठरवलंय, मुलीने ती ड्युटी घेतलीय आणि ती फार कडक आहे.

आता नेवऱ्या. चवथीच्या आधी बचत गटांचे स्टॉल लागतात तसा एक, गावातल्याच आठ-दहा बायका. ऑर्डर मी पंधरा दिवस आधी दिली होती, अर्धे पैसे आगाऊ. दहाचं पाकीट १२० रुपये, दोन प्रकारच्या, सुकं खोबरं-तीळ आणि चण्याची डाळ-गूळ. सोमवारी संध्याकाळी आणायला गेले तर तयार होत्या, बायकांनी वहीत टिक केली, हिशोब चोख. चव? खोबरं-तिळाच्या फर्स्ट क्लास. पारी पातळ, कुडकुडीत, तेल सुटत नाही, आणि कातणीने कापलेली कड कुठे जाड कुठे बारीक, म्हणजे हाताचं काम, मशीनचं नाही. डाळीच्या मला जरा फिक्या वाटल्या, वेलची कमी, गूळही हात राखून घातलेला, पण मोठ्या भावजींना डायबिटीस आहे, ते म्हणाले ह्याच बऱ्या (आणि सहा खाल्ल्या, त्याला काय अर्थ आहे). दोनशेत सात फुटलेल्या निघाल्या, त्या मुलांनी मिटवल्या. एका पाकिटाला मात्र तेलाचा वास येत होता, शेवटच्या घाण्याचं असावं. फोन केला तर वाद न घालता दुसरं पाकीट दिलं आणि वर चार शंकरपाळ्या. डब्यात बारा दिवस टिकल्या, तेराव्या दिवशी संपल्या म्हणून पुढचं माहीत नाही.

सूचना एकच, पॅकिंग. मिठाईच्या दुकानाच्या जुन्या खोक्यात भरून देऊ नका हो, एवढ्या सुंदर नेवऱ्या आणि वर दुसऱ्याच कोणाचं नाव. आणि ज्यांच्याकडे लेकीची पहिली चवथ आहे, वजं (माहेरून तिच्या सासरी जाणारी फराळाची भेट) न्यायचंय, त्यांनी निदान महिनाभर आधी सांगा, वज्याच्या मोठ्या ऑर्डरी त्यांच्याकडे आधीच लागलेल्या असतात, माझ्या समोर एका बाईला नाही म्हणाल्या.

मंगळवारी, हरताळकेला, इथे तय म्हणतात, संध्याकाळी माटोळी बांधायला घेतली. चौकट माळ्यावरून काढली, गेल्या वर्षी ती तशीच माळ्यावर पडून होती, कोळिष्टकं, पाली, धुऊन पुसून वर चढवली. पुतण्या कॉलेजात आहे, उंच, तो शिडीवर. मोठे भावजी खालून "डावीकडे, अरे डावीकडे" (ते दरवर्षी फक्त हेच काम करतात). केवणीचे दोर भिजत घातले होते, भिजले की मऊ होतात, मग गाठ घट्ट बसते आणि सुकली की सुटत नाही. ती गाठ कशी मारायची हे आईंशिवाय कोणालाच येत नव्हतं. आई खुर्चीत, त्यांच्यासमोर पाच नातवंडं ओळीने, प्रत्येकाच्या हातात एक आंबाडा आणि एक दोर, गाठ जमली की पुढचं फळ. पुण्याचा पुतण्या, वय तेरा, ज्याने गेल्या वर्षी दीड दिवसात मान वर केली नव्हती, त्याला करमळ बांधायचं होतं, जड म्हणून ते तीनदा सुटलं, चौथ्यांदा बसलं, तर त्याने त्याचा फोटो काढून त्याच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं "बांधलं". एवढंच. त्याच्या मित्रांना काय कळलं असेल देव जाणे.

जड वस्तू कडेला, छताच्या हुकांजवळ, म्हणजे निरफणस, करमळ, नारळ, आणि हलक्या मध्ये, हे पण आईंचं. मोजल्या तर त्रेचाळीस प्रकार भरले. राज्य पातळीवर माटोळीची स्पर्धा असते, कला आणि संस्कृती खातं घेतं, तिथली मंडळी शेकडो प्रकार लावतात, गणपतीचा आकार काय, देखावा काय, त्यांच्यापुढे आपण कोण. पण धाकट्याने ते ऐकलं आणि आता पुढच्या वर्षी भाग घ्यायचाच म्हणून मागे लागलाय. साडेनऊला सुरू केलेलं जेवण साडेदहापर्यंत चाललं कारण मध्येच कोणीतरी उठून "हे जरा वाकडं वाटतंय" करत होतं.

मी जे लिहायला बसले ते खरं म्हणजे हे, की त्या रात्री अकराला स्वयंपाकघर पुसून झालं होतं. अकराला! नेवऱ्या डब्यात, कढई कोरडी. जाऊबाई म्हणाल्या आता काय करायचं गो? मला पण कळेना. मग बाहेर पडवीत गेलो तर पुतणे आणि भावजी घुमट (तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं वाद्य) घेऊन बसलेले. आमच्याकडचं जुनं घुमट घोरपडीच्या कातड्याचं होतं, कधीच फाटलं, आता घोरपड मारायला कायद्याने बंदी आहे म्हणून बकऱ्याच्या कातड्याचं आणलंय, आवाज थोडा वेगळा येतो, म्हातारे कुरकुरतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून पोरं जरा मन लावून शिकतात असं भावजींचं मत. घुमटाच्या साथीचं शामेळ वाजवायला कोणी नव्हतं म्हणून स्टीलचा डबा, कासाळं (झांज) मात्र खरं. आणि चवथीच्या दुपारी जेवणं उरकल्यावर जाऊबाईंनी माझा हात धरून मला ओढलं आणि आम्ही फुगडी घातली, अकरा वर्षांनी, माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या चवथीला घातली होती ती शेवटची. दोन गिरक्यांत दम लागला. मुलीने व्हिडिओ काढलाय, तो मिळणार नाही.

विसर्जनानंतर माटोळी उतरवली, वाटे घातले, चार घरांचे चार. निरफणसाची कापं तिथेच रव्यात घोळवून तळली. आंबाड्यांचं सासव. चिबूड फुटायच्या आत उतरवला, गूळ आणि नारळाच्या रसात, गारेगार. करमळं जाऊबाई घेऊन गेल्या लोणच्याला. शिपटातल्या सुपाऱ्या आईंनी वाळत घातल्यात. खाता न येणारं सगळं माडाच्या आळ्यात.

ज्यांचं मूळ घर नाही, फ्लॅटमध्येच गणपती, त्यांनी पण जा. आमच्या शेजारणीने दोन खिडक्यांच्या ग्रिलना आडवा बांबू बांधून त्याला पंधरा वस्तू टांगल्या, मस्त दिसत होतं. फक्त पीओपीच्या भिंतीला हुक मारू नका.

माटोळीच्या बाजाराला पाचपैकी साडेचार, अर्धा स्टार बाथरूमचा कापला. नेवऱ्यांना चार. आणि मावशी रांगेत नक्की कुठे बसते हे मला मेसेज करून विचारू नका, मलाच पुढच्या वर्षी शोधावी लागणार आहे. नंबर मागितला होता मी. म्हणाली फोन आहे, पण तो नातवाकडे असतो, आणि नातू उचलत नाही.